लागली तर लागली

होडी गाळात बसली की माणसं आधी तांडेलाला शिव्या घालतात, मग पाण्याला, आणि तासाभराने एकमेकांना.

मी नऊ वर्षांची असताना वाशिष्ठीच्या खाडीत आमची होडी अशी बसली. होडी आबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे पितळी पंखा, वर ताडपत्री. पलीकडच्या गावातलं लग्न आटोपून आम्ही पंधरा-सोळा माणसं परत येत होतो. आबा म्हणे पंगतीतून दोनदा उठून पाणी बघून आले होते, पण व्याह्यांच्या आग्रहापुढे त्यांचं काही चाललं नाही. जेवणं लांबली, निरोपानिरोपी लांबली, निघालो तेव्हा ओहोटी चांगलीच लागली होती.

भर खाडीत तळ घासल्याचा आवाज आला. फार मोठा नव्हे, जात्यात ओले तांदूळ घातल्यासारखा, बसका. होडी थांबली. तरणी पोरं लगेच उभी राहिली, कोणी वासा घेतला, कोणी धोतर खोचलं, आणि सगळे मिळून "मागे घ्या, मागे घ्या" म्हणून ओरडायला लागले. आबांनी काय केलं, तर इंजिन बंद केलं आणि बिडी शिलगावली.

त्यांना होडीची काळजी नव्हती, पंख्याची होती. गाळात पंखा फिरला की त्यात काय येईल सांगता येत नाही. जुनं जाळं, दोर, बुडालेला खुंट. आदल्या वर्षी एका दोरानेच शाफ्ट वाकला होता आणि ऐन गणपतीत होडी पंधरा दिवस काठावर ओढून ठेवावी लागली होती. मी रडकुंडीला आले होते. मला म्हणाले, "लागली तर लागली गो. पाणी येईल तशी सुटेल. पंखा मोडला तर पाणी येऊनही सुटायची नाही."

साडेचार तास बसलो. लग्नातले लाडू तिथेच संपले.

हे सगळं मला जसंच्या तसं आठवलं ते अमेरिकेत, लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या एका संग्रहालयात, एका बोटीच्या मागे गुडघे टेकून तिचं बूड बघत असताना. नवरा दोन पावलं लांब उभा होता, आपण हिच्याबरोबर नाही असा चेहरा करून.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. तिथून न्यू ऑर्लिन्स साधारण ५६० किलोमीटर, पाच-सहा तासांचा रस्ता. अर्ध्याहून पुढे गेलं की अचाफलायाचं दलदलीचं खोरं लागतं आणि हमरस्ता खांबांवर चढतो, तो जवळजवळ २९ किलोमीटर जमिनीवर उतरतच नाही. खाली हिरवट काळं पाणी, त्यात गुडघे वर काढून उभी असलेली सायप्रसची झाडं. गुडघे हा माझा शब्द नाही. झाडाच्या मुळांतून पाण्यावर लाकडी सुळके येतात, त्यांना तिथली माणसं गुडघेच म्हणतात. आणि जिथे झाड नाही तिथे जलपर्णी. होय, आपली मुळा-मुठेतली तीच. ती अमेरिकेत पसरली ती १८८४ च्या न्यू ऑर्लिन्सच्या कापूस प्रदर्शनातून, असं सांगतात. फूल सुंदर आहे म्हणून लोकांनी घरी नेली, तळ्यात सोडली, आणि पुढचं पुणेकरांना सांगायला नको.

या पाण्याला तिकडे बायू म्हणतात. खाडी आणि ओढा यांच्या मधलं काहीतरी. वाहतं की नाही हे काठावरून कळत नाही. खोली कुठे पुरुषभर, कुठे वीतभर, आणि काल होती तिथे आज असेलच असं नाही. या पाण्यातून माणसं शतकानुशतकं पिरोग चालवत आली. एका ओंडक्यातून कोरलेली, आपल्या डोणीसारखी सडसडीत होडी. पण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात तिथे दोन प्रकारची माणसं घाईने आत शिरायला लागली. एक, मस्करॅट पकडणारे. मस्करॅट म्हणजे घुशीएवढा पाणउंदीर. त्याच्या कातडीचे कोट उत्तरेकडे खपत असत. दुसरे, तेल शोधणारे. दोघांनाही इंजिनाची बोट हवी होती आणि दोघांचीही अडचण आमच्या आबांचीच होती: पंखा.

मी जिच्या मागे गुडघे टेकले होते त्या बोटीचा जनक, अँड्र्यू जॅक्सन हिगिन्स, हा मुळात बोटवाला नव्हे. समुद्रापासून चांगला हजारेक मैल लांब, नेब्रास्कात, १८८६ साली जन्मलेला, शाळेतून मारामाऱ्यांपायी काढून टाकलेला, तोंडाचा फटकळ. धंदा लाकडाचा. १९२२ साली त्याने न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतःची लाकूड कंपनी काढली. फिलिपिन्स, मध्य अमेरिका, आफ्रिका इथून कठीण लाकूड आणायचं आणि इथलं सायप्रस, पाइन बाहेर पाठवायचं. लाकूड वाहायला त्याच्याकडे शिडांची जहाजं होती, त्यांच्या डागडुजीसाठी छोटा कारखाना, आणि कारखाना आहेच तर बोटीही. १९२६ च्या सुमारास त्याची जी बोट तयार झाली तिचं नाव युरेका. मंदीच्या तोंडावर, १९३० साली, लाकडाची कंपनी बुडाली. बोटींचा धंदा मात्र तरला. मला यात गंमत वाटते. ज्या माणसाचं सगळं आयुष्य जहाजभर लाकडाच्या हिशेबात गेलं, त्याला शेवटी वाचवलं ते गुडघाभर पाण्यात चालणाऱ्या बोटीने.

आता ते बूड. यासाठीच तर मी गुडघे टेकले होते.

साध्या मोटारबोटीचा पंखा तळाच्या खाली लोंबतो. म्हणजे बोटीला जेवढं पाणी लागतं त्याहून वीतभर जास्त पंख्याला लागतं, आणि बोट कुठेही टेकली तर आधी टेकणार तो पंखा. युरेकाच्या तळाला मागच्या बाजूला मधोमध एक उलटी पन्हळ आहे. कौलाचं तोंड खाली करून ठेवलं तर जशी दिसेल तशी. पंखा आणि शाफ्ट त्या पन्हळीत वर ओढून घेतलेले. दोन्ही बाजूंना तळाचे सपाट भाग, आणि त्यांच्या मधल्या खोबणीत पंखा, बोट टेकली तरी सुरक्षित.

पण एवढ्यावर भागत नाही. पन्हळीत पंखा टाकला की त्याला पुरेसं चांगलं पाणी मिळत नाही. पुढून तळाखाली शिरलेली हवा, फेस, काड्याकुड्या, जलपर्णी, सगळं त्याच पन्हळीत येऊन भरतं. इथे तळाच्या पुढच्या भागाचा आकार कामाला येतो. नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, खाली खोल व्ही, मग मध्यावर येता येता तो व्ही उलटा वळतो, आणि मागे पन्हळ. हे उलटं वळण पुढून आलेलं फेसाळ पाणी आणि तरंगणारा कचरा मध्यावरच दोन्ही बाजूंना ढकलून देतं. पंख्यापर्यंत पोचतं ते बऱ्यापैकी स्वच्छ, घट्ट पाणी. मी तो बाक हाताने तपासला. आधी बाहेर फुगतो, मग आत वळतो. घागरीच्या गळ्याखाली हात फिरवल्यासारखं वाटलं.

आणि नाळ. टोकदार नाही, बसकी, चमच्यासारखी वर वळलेली. तिच्या आत पुढे पाइनचा एक भरीव ठोकळा, सगळ्या बोटीतला सगळ्यात मजबूत भाग. तरंगता ओंडका आडवा आला तर वळसा नाही घालायचा, वरून जायचं. वाळूची पट्टी आली, वरून जायचं. काठ आला, चढायचं. शहराला लागून असलेल्या पाँटचार्ट्रेन सरोवराच्या काठाला पायऱ्यांसारखी काँक्रीटची भिंत आहे. गिऱ्हाइकाला बोट दाखवायची म्हणजे हिगिन्सची माणसं ती भरवेगाने त्या भिंतीवर चढवून दाखवत आणि मग उलटी उतरवत.

उतरवत, हा भाग महत्त्वाचा. बोट काठावर चढवणं कोणालाही जमतं. माझ्या मामेभावाने बिअर पिऊन जमवलं आहे. युरेकाचं वेगळेपण असं की पंखा उलटा फिरवला की पाण्याचा झोत त्या पन्हळीतून तळाखाली पुढे जाई. वाळू, गाळ सैल होई, बोटीखाली पाण्याचा पातळ थर येई, आणि ती स्वतःच्या पायांनी मागे सरके. आबांनी जे करायचं टाळलं नेमकं तेच. फक्त आबांचा पंखा उघडा होता.

त्या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. मेक्सिकोच्या आखातातून चोरटी दारू याच बायूंमधून आत येई. हिगिन्सने आधी दारू आणणाऱ्यांना वेगवान बोटी विकल्या आणि मग त्यांना पकडणाऱ्या तटरक्षकांना त्याहून वेगवान, असं अजून सांगतात. कागदावर काय आहे देव जाणे, पण त्या माणसाचा एकंदर स्वभाव बघता मला ही गोष्ट खोटी मानवत नाही.

नौदलाची गोष्ट मात्र थोडक्यात उरकते, कारण ती सगळीकडच्या सरकारी कचेऱ्यांची गोष्ट आहे. यांना किनाऱ्यावर सैनिक उतरवायला बोट हवी होती. यांच्या स्वतःच्या तज्ज्ञांनी काढलेली चित्रं होती. आणि दक्षिणेतल्या दलदलीतला एक लाकूडवाला, ज्याला सौम्य शब्दांत बोलता येत नव्हतं, सांगत होता की तुमची चित्रं फेकून द्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नाइलाजाने त्याची बोट घेऊन पाहिली. किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या मरीन दलाला ती आवडली. नौदलाच्या कचेरीला तो माणूस शेवटपर्यंत आवडला नाही.

एक उणीव राहिली होती. युरेकातून उतरायचं तर कठड्यावरून बाहेर उडी मारायची. पाठीवर तीस किलो सामान, समोरून गोळ्या, आणि उंचावरून उडी. याचं उत्तर आलं शांघायहून. १९३७ साली जपानने शांघायवर हल्ला केला तेव्हा व्हिक्टर क्रुलाक नावाचा अमेरिकन मरीन लेफ्टनंट तिथे होता. जपानी उतरणबोटींचं तोंड चौकोनी होतं आणि ते फळीसारखं खाली पडत होतं. सैनिक चालत बाहेर. त्याने लांबून फोटो काढले, अहवाल लिहिला, वॉशिंग्टनला धाडला. दोन वर्षांनी तो स्वतः तिथे गेला तेव्हा अहवाल धूळ खात पडला होता, वर शेरा होता की चीनमधल्या कुठल्याशा खुळ्याने पाठवलेला दिसतो. पुढे १९४१ मध्ये ते फोटो हिगिन्सपुढे आले आणि त्याने आपल्या दलदलीच्या बोटीला ते तोंड लावलं. यांगत्सेचं तोंड आणि लुइझियानाचं बूड. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, इथे कान टोचायला शत्रूच कामाला आला.

ही जी बोट झाली तिला नौदल एलसीव्हीपी म्हणे, आणि बाकी सगळं जग हिगिन्स बोट. छत्तीस फूट लांब, पावणेअकरा फूट रुंद, आत ३६ माणसं किंवा एक जीप आणि डझनभर माणसं. मागे तीन फूट पाणी लागे, पुढे जेमतेम सव्वादोन फूट. म्हणजे नाळ किनाऱ्याला टेकली तेव्हा मागचा पंखा अजून पाण्यात. तोंडाची फळी लोखंडी, बाकी बहुतेक सगळी प्लायवूडची. हे मला आधी माहीत नव्हतं. फोटोत ती राखाडी रंगात पोलादीच वाटते. संग्रहालयातल्या बोटीच्या काठाला, रंग थोडा उडालेल्या जागी, मी प्लायचे थर पाहिले. आमच्या घरच्या कपाटाला असतात तसे.

ती बोट मूळची नव्हे हेही सांगायला हवं. जुन्या नकाशांवरून स्वयंसेवकांनी १९९० च्या दशकात ती नव्याने बांधली. त्यात हिगिन्सच्या कारखान्यात तरुणपणी काम केलेले काही म्हातारेही होते.

त्या कारखान्याबद्दल थोडं. १९३७ साली हिगिन्सकडे पन्नास-पाऊणशे माणसं होती. १९४३ अखेर सात कारखाने आणि पंचवीस हजारांवर माणसं. एकूण बोटी २०,०९४. सप्टेंबर १९४३ मध्ये अमेरिकन नौदलाकडे १४,०७२ जहाजं-बोटी होत्या, त्यातल्या १२,९६४ हिगिन्सच्या आराखड्यांच्या. शंभरातल्या ब्याण्णव. मला हा आकडा दोनदा वाचावा लागला. अर्थात मोजताना विमानवाहू जहाज एक आणि छत्तीस फुटी बोटही एकच, हे ध्यानात ठेवायचं. तरीही.

जागा अपुरी पडली तेव्हा त्याने कारखान्यामागचा सार्वजनिक रस्ता अडवून त्यावर बोटी बांधल्या. पोलाद कमी पडणार हे त्याने १९३९ मध्येच हेरलं होतं आणि फिलिपिन्सचं त्या वर्षीचं सगळं महोगनी विकत घेऊन ठेवलं होतं. लाकूडवाल्याचं डोकं. वर्णभेदाच्या त्या शहरात काळी माणसं, बायका, म्हातारे, अपंग, सगळे एकाच कामाला एकच पगार घेत. आणि संडासात हिटलर, मुसोलिनी आणि हिरोहितो कमोडवर बसल्याची चित्रं लावलेली. खाली मजकूर, की ये भावा, बस निवांत, तू इथे जितका वेळ काढशील तितकी आमची मदत. आपल्याकडच्या कुठल्या कारखान्यात हे चालेल का, या विचारात मी बराच वेळ घालवला आहे.

१९६४ मध्ये आयझेनहॉवर यांनी, म्हणजे युरोपात दोस्त सैन्याचे सरसेनापती असलेल्या आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाने, इतिहासकार स्टीफन अँब्रोज यांना सांगितलं की हे युद्ध आपल्याला हिगिन्सने जिंकून दिलं. अँब्रोज न्यू ऑर्लिन्सच्या विद्यापीठात शिकवत. त्यांनीच मग ते संग्रहालय उभं करायला घेतलं. ६ जून २००० ला ते उघडलं. बाजूच्या रस्त्याला हिगिन्सचं नाव आहे. आता समोर हॉटेलही आहे त्याच्याच नावाचं, आम्हाला परवडलं नाही.

पण आयझेनहॉवर यांचं ते वाक्य ऐकलं की मला चंद्र आठवतो. खाडीकाठच्या माणसाला तो आठवणारच.

२० नोव्हेंबर १९४३. पॅसिफिकमधलं टारावा बेट. बेटाभोवती पोवळ्याचा कट्टा. त्यावर भरतीला पाच फूट पाणी असेल असा हिशेब होता. भरलेल्या हिगिन्स बोटीला साडेतीन-चार पुरतं. प्रत्यक्षात तीन फूटच होतं, आणि ते तासन् तास तेवढंच राहिलं. बोटी कट्ट्याला लागल्या. सैनिक पाण्यात उतरले आणि कुठे कंबरभर, कुठे छातीभर पाण्यातून, बंदुका डोक्यावर धरून, पाच-सहाशे यार्ड चालले, समोरून मशिनगनचा मारा चालू असताना. ७६ तासांत हजारेक अमेरिकन आणि जवळजवळ सगळी जपानी शिबंदी गेली. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला. त्या दिवशी चंद्र अर्धा होता, शिवाय पृथ्वीपासून लांबच्या टोकाला. आमच्याकडच्या कुठल्याही तांडेलाला यासाठी अभ्यासक लागला नसता. कार्तिक वद्य अष्टमीच्या आसपासचा दिवस. भांगाची भरती, उधाणाच्या उलट. अष्टमीला पाणी ना धड चढत ना धड उतरत, हे कोकणात पोरांना शाळेच्या आधी कळतं. कट्ट्यावरून गेले ते फक्त साखळीच्या पट्ट्यांवर चालणारे पाणगाडे, आणि ते फार थोडे होते. उथळ पाण्यासाठी जन्मलेली बोट त्याहून उथळ पाण्यात हरली. ज्या माणसांनी त्या बेटांवर राहून ते पाणी पाहिलं होतं, त्यांच्यातल्या एकाने आधी सावध केलंही होतं.

आणि ६ जून १९४४. फ्रान्सचा नॉर्मंडी किनारा. मी मुद्दाम जुनं पंचांग काढून बघितलं. ज्येष्ठ पौर्णिमा. म्हणजे इकडे आमच्या आज्या वडाला सूत गुंडाळत होत्या त्या दिवशी तिकडे इंग्लिश खाडीत उधाणाची भरती होती. तिथलं पाणी पाच-सहा मीटर चढतं उतरतं, आपल्या कोकणाच्या चांगलं दीडपट-दुप्पट. दोस्त सैन्याने उतरायची वेळ निवडली ती ओहोटी सरून भरती लागतानाची. ओहोटीला जर्मनांनी वाळूत पुरलेले खांब, सुरुंग, लोखंडी फुल्या उघड्या पडलेल्या दिसतील, हे एक. आणि दुसरं कारण, जे चित्रांत कधी दिसत नाही: चढत्या पाण्यात लागलेली बोट सुटते. उतरत्या पाण्यात लागली तर साडेचार तास लाडू खात बसावं लागतं, आणि तिथे लाडू नव्हते.

त्या दिवसाचं आपण पाहिलेलं चित्र एकच. बोटीचं तोंड पडलंय, आतून सैनिक बाहेर, समोर धूर. सगळ्या फोटोंत आपण बोटीच्या आत उभे असतो आणि किनाऱ्याकडे बघत असतो. (त्या सगळ्याच हिगिन्स बोटी होत्या असंही नाही, ओमाहा असं टोपणनाव दिलेल्या तिथल्या किनाऱ्यावर ब्रिटिश बनावटीच्याही होत्या. अमेरिकन लोक हे सांगताना जरा घाई करतात.) पण त्या फोटोच्या पुढच्या मिनिटाला काय झालं? फळी वर ओढली गेली. मागे डाव्या बाजूला उभा असलेला, वीस-एकवीस वर्षांचा सुकाणू धरणारा पोरगा, त्याने पंखा उलटा टाकला. तळाखालची वाळू सैल झाली. आणि ज्या बोटी गोळ्यांतून वाचल्या त्या मागे सरकून मोठ्या जहाजांकडे परत गेल्या, पुढचे छत्तीस आणायला. मग पुन्हा. एकच फेरी करून जर त्या वाळूत रुतून बसल्या असत्या तर मागून येणाऱ्यांना किनाऱ्यावर जागाच उरली नसती. सैनिकांना न्यायचं तर आधी कोणीतरी परत यायला हवं. मस्करॅट पकडणाऱ्याला संध्याकाळी घरी जायचं होतं म्हणून केलेली ती पन्हळ.

संग्रहालयात एक वयस्क स्वयंसेवक होते, पांढऱ्या मिशा, गळ्यात ओळखपत्र. मी खाली वाकलेली बघून त्यांना वाटलं माझं काहीतरी पडलं. मी म्हटलं, पंखा बघतेय. ते म्हणाले, लोक इथे पुढून फोटो काढतात, मागे फारसं कोणी येत नाही. मग त्यांनीही गुडघे टेकले, हळूहळू, बोटीचा आधार घेत, आणि आम्ही दोघं दहाएक मिनिटं त्या पन्हळीबद्दल बोललो. मी त्यांना आबांच्या होडीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग शेवटी सुटलात कसे? म्हटलं, पाणी आलं. ते खूप हसले. आम्हाला उठवायला नवऱ्याला यावं लागलं.

युद्धानंतरचा हिगिन्स वाचायला मला फारसं आवडत नाही. कामगार संघटनांशी भांडण, संप, कारखाने बंद, पुन्हा नव्या नावाने सुरू. सैन्याच्या जादा झालेल्या बोटी कवडीमोलाने विकायला निघाल्या, मग नव्या कोण घेणार? महोगनीच्या सहलीच्या बोटी त्याने केल्या. दिसायला देखण्या, जुन्या बोटींचे षौकीन अजून त्या शोधत असतात. १ ऑगस्ट १९५२ ला तो न्यू ऑर्लिन्समध्येच वारला. वय पासष्ट. मुलांनी काही वर्षं कारभार रेटला, मग तोही संपला.

मूळ उतरणबोटी आता जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, फार तर पायांची बोटंही लागतील. प्लायवूड ते. पाणी, ऊन, वाळवी. युद्ध संपल्यावर कित्येक बोटी कोळ्यांनी घेतल्या, कोणी फेरीबोट म्हणून चालवल्या, कोणी घरामागे कोंबड्यांसाठी उलट्या घातल्या. फायबरग्लास आलं आणि लाकडी बोट बांधणारा सुतारच उरला नाही. ही शेवटची ओळ मी न्यू ऑर्लिन्सबद्दल लिहिली आहे, पण आमच्या खाडीबद्दल लिहिली असती तरी एक शब्द बदलावा लागला नसता. आबांची होडी ज्या सुताराने बांधली त्याचा नातू आता मॉड्युलर किचन करतो. चांगली करतो.

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन गावी गेले होते. आता होडी नाही, फेरीबोट आहे. गाड्या, दुचाकी, माणसं, सगळं एकदम पलीकडे. गोव्यात मांडवीवर पाहिल्या असतील तशाच, पुढे सपाट लोखंडी फळी. धक्क्याच्या उतारावर फळी टेकते, गाड्या चढतात, साखळ्या खडखडत फळी वर जाते. मी आयुष्यभर त्या फेऱ्या बघत आले, पण ते तोंड शांघायच्या फोटोंतून आपल्या ओळखीचं आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

आई गाडीतच बसून होती. मी उतरून मागे गेले. ओहोटी होती. पंखा उलटा फिरला, लोखंडी अंगभर थरथर आली, आणि खालून गाळ उसळला, काळा, गरगरत, आपल्या खाडीचा तो कुजका-खारट वास घेऊन. बोट क्षणभर हललीच नाही. शेजारी दुचाकीवर बसलेला मुलगा मोबाइलमधून वर बघून म्हणाला, "लागली वाटतं."

मग उतारावरून फळी सुटल्याचा आवाज आला आणि धक्का हळूच लांब जायला लागला.